दाणा धरेपर्यंत

अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात एक डबी असते,
काडेपेटीहून लहान.
चहा आला की अंगठ्याने दाबतात:
टक्. टक्.
मोहरीहून जरा मोठ्या दोन गोळ्या
आणि अख्खा कप गोड.
"एवढ्याला आम्ही सबंध कांडं गाळायचो की गं,"
म्हणतात, आणि ढवळत राहतात
ढवळायला काही उरलेलं नसताना.

एकतीस सीझन ते पॅनवर होते.
मोळी पडली की घर सुटायचं,
अंगाला मळीचा वास,
आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची.
आटत आटत पाक एका क्षणी
आपणच ठरवतो दाणा व्हायचं.
तो क्षण ओळखायचा, एवढीच त्यांची नोकरी.
काचेच्या पट्टीवर थेंब,
थेंबावर भिंग, मागे दिवा.
चीफ केमिस्टसुद्धा तोंडाकडे बघत उभा
अप्पा "साकु" म्हणेपर्यंत.
कानडीत पुरेला साकु म्हणतात.
मला लहानपणी वाटायचं
साखर या शब्दातूनच पडत असेल.

मग डाव्या पायाची करंगळी गेली.
सिव्हिलमधून घरी आणलेल्या पिशवीत
एक्स-रे होता, मलम होतं
आणि ही डबी.

डबी दाबायचं काम माझ्या रेवणचं.
आजोबांना दोन.
परवा त्याच्या दुधात अकरा निघाल्या.
"गोड होतंय का बघत होतो," म्हणाला.
दूध कडू लागलं त्याला, शेवटी शेवटी.

त्या रात्री अप्पांनी ट्रंकेतून भिंग काढलं.
डबीच्या बुडाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत:
लहान मुलांसाठी नाही.
मग ते थांबलेच नाहीत.
रेवणचा बिस्किटपुडा,
पुढे हिरवं, बोटभर ठळक शुगर-फ्री,
मागे घडीत लपलेले नऊशे पन्नास, नऊशे पंचावन्न.
खोकल्याचं औषध.
गड्ड्यावरून आणलेली सरबताची पुडी.
टूथपेस्ट. टूथपेस्टसुद्धा!
कारखान्याच्या जुन्या लॉगबुकात
कोऱ्या पानांवर त्यांनी पाळीप्रमाणे लिहिलं:
सकाळ, चार गोळ्या. दात, होय.
दुपार, बिस्किटे तीन.
शेरा: माहीत नाही.

गुंडला डॉक्टर अशोक चौकात बसतात,
खाली टॉवेलचं दुकान, मागे मागांची खडखड,
त्यामुळे ते मोठ्याने बोलतात:
"उंदरांवर काय काय दिसलंय, अप्पा.
माणसांचं अजून ठरतंय.
कोणी पोटातल्या जंतूंचं म्हणतं, कोणी हृदयाचं,
कोणी म्हणतं, बेतात घेतलं तर काही नाही.
वजन उतरतंच, असंही नाही.
घाबरू नका. सवय मात्र लावू नका.
पोराला तर नकोच."

"म्हणजे दाणा धरलाय का नाही?"
डॉक्टरांना प्रश्न कळला नाही.
मला कळला.

येताना रिक्षात ते गप्प.
सात रस्त्यावर सिग्नल लागला तेव्हा म्हणाले,
"पोती मोजली नाहीत मी कधी.
एकतीस वर्षं लोकांच्या पोटात साखरच सोडली की.
हिला एकटीला काय बोलायचं?"
आणि डबीवर हात ठेवला,
मांडीवरच्या मांजरावर ठेवावा तसा.

आज मी शेंगापोळी केली, गुळाची.
त्यांनी चतकोर मोडली, चतकोरातली निम्मी ठेवली.
रेवण वाट बघत होता, डबी हातात.
"एकच," अप्पा म्हणाले.
टक्.
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
ती गोळी चमच्याने बाहेर काढायला गेले,
पण ती केव्हाच विरून गेली होती.

त्यांनी चहाचा ग्लास उचलला,
ट्यूबलाइटसमोर धरला,
एक डोळा मिटून
बघत राहिले.
रेवणने विचारलं, "काय दिसतंय?"
चहा निवत होता.
अप्पा अजून काही म्हणाले नव्हते.